खवल्या नावाचा फणस

मुलांनो, नीट बसा. मागच्या ओळीतल्यांनी गोष्ट संपेपर्यंत चणे खाऊ नयेत. मला ऐकू येतं.

तर, एका जंगलात फार गोंगाट होता. कुठल्या जंगलात, ते विचारू नका. ज्याला त्याला ते आपल्याच घरामागचं वाटतं, एवढं सांगून ठेवतो.

त्या जंगलात प्रत्येकाची बोली वेगळी. भेकर भुंकायचं, वानरं खाकरायची, अस्वल नाकातून बोलायचं. एकाचं दुसऱ्याला अर्धं समजायचं आणि उरलेलं अर्धं तो मनानं भरायचा. तरीही जंगल चाललं होतं. तुमच्या घरी चालतं तसंच.

पण एकदा काय झालं, भर दरबारात वानरांचा नाईक उभा राहून म्हणाला, "मोहाला फुलं आली." सांबरांना ऐकू आलं, "वाघ आला." आता वाघ तर समोरच बसला होता, राजा होता तो. पण सांबरांनी तेवढा विचार केला नाही. ती उधळली. जाताना वाघमहाराजांच्या शेपटीवरून गेली.

महाराजांनी आठ दिवस शेपटीला हळद लावली. नवव्या दिवशी ते गरजले, "या राज्यात कुणी शहाणं आहे की नाही?"

एक होतं. काटेशास्त्री नावाचं साळिंदर.

काटेशास्त्री शहरात जाऊन आले होते. तिथे एका संगणकाच्या क्लासच्या जिन्याखाली त्यांनी दोन वर्षं काढली होती. वर मास्तर शिकवायचे, खाली शास्त्री ऐकायचे. वर्गातली मुलं झोपायची, शास्त्री जागे असायचे. परत आले तेव्हा त्यांच्या चालण्यातच फरक पडला होता.

"महाराज," शास्त्री म्हणाले, "आपल्याला एक व्याकरण लागेल. साधं नाही, यंत्राच्या भाषेसारखं. त्यात दोनच गोष्टी असतात. एक डेटा टाइप. दुसरी फंक्शन."

फंक्शन म्हटल्यावर वानरांनी जेवण आहे का विचारलं. शास्त्रींनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं.

"डेटा टाइप म्हणजे प्रकार," शास्त्री म्हणाले. "जगातली प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी एका प्रकारात बसते. एकाच. आणि एकदा बसली की बसली."

"आणि दुसरं?" महाराजांनी विचारलं.

"फंक्शन म्हणजे पोपट."

महाराजांनी मान डोलावली. राजे लोक न समजलेल्या गोष्टीला नेहमी मान डोलावतात. तुमचे मास्तरही.

पण काम मात्र झोकात झालं, हे कबूल करायला हवं. तळ्याकाठी एक मोठा बेहडा होता. सुगरणींनी त्याच्या फांदीला चार टोपल्या विणून टांगल्या. पहिली 'प्राणी' या प्रकाराची. दुसरी 'जागा'. तिसरी 'कच्चं खाद्य'. चौथी 'पिकलं खाद्य'. मग शास्त्रींनी आपल्याच पाठीचा एक काटा उपसला आणि जंगलातल्या एकेका गोष्टीचं नाव एकेका गोट्यावर कोरलं. वाघाचा गोटा प्राण्यांत. तळ्याचा गोटा जागांत. करवंदाचा गोटा कच्च्यात.

खालच्या फांदीवर पोपट बसवले. प्रत्येकाला एकच काम. संकट-पोपटाला एक प्राणी आणि एक जागा द्यायची. म्हणजे भेकराचा गोटा आणि दरीचा गोटा त्याच्यापुढे ठेवला, की तो म्हणणार, "भेकर दरीत संकटात आहे, धावा." आणि हे तो सगळ्या बोलींत म्हणणार. भेकराला भेकराच्या, वानराला वानराच्या, अस्वलाला नाकातून. आढळ-पोपटाला एक खाद्य आणि एक जागा द्यायची. तो सांगणार, अमुक वस्तू तमुक ठिकाणी आहे, या. वाटप-पोपटाला पिकलं खाद्य द्यायचं. तो सगळ्यांची नावं घेऊन वाटे सांगणार.

पण ज्याला जो प्रकार हवा तोच द्यायचा. संकट-पोपटाला करवंद दिलं, तर तो तोंड फिरवायचा. कितीही रडा, कितीही ओरडा.

"हीच तर गंमत आहे," शास्त्री म्हणायचे. "चुकीचं वाक्य तयारच होत नाही."

मग महाराजांनी हुकूम काढला. यापुढे जे काही सांगायचं, ते पोपटांकडून सांगावं. व्याकरणाबाहेर कुणी बोललं, तर ते ऐकू आलं नाही असं समजावं.

गोंगाट थांबला. सांबरं उधळायची थांबली. शास्त्रींना राजवाड्याजवळ बीळ मिळालं आणि रोज कंदांची टोपली. ते चांगले गुबगुबीत झाले.

आता राहिला खवल्या.

तुम्ही खवले मांजर पाहिलंय का? नसेल पाहिलं. कुणीच फारसं पाहत नाही. अंगभर खवले, पण मासा नाही. नावात मांजर, पण मांजराशी ओळखदेखील नाही. मुंग्या-वाळव्या खातो आणि कुणी हाक मारली की लाजून अंगाचा गोळा करतो. असा आमचा खवल्या. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

नोंदणीच्या दिवशी तो रांगेत सगळ्यात शेवटी उभा होता. शेजारी त्याची बायको, खवलीण.

"दात दाखव," शास्त्री म्हणाले. प्राण्याची व्याख्या त्यांनी एका सालीवर लिहून ठेवली होती. प्राणी म्हणजे ज्याला दात, शिंग किंवा चोच आहे तो.

खवल्याला दात नव्हते. खवले मांजराला नसतातच.

"शिंग? चोच?"

खवल्याने जीभ दाखवली. चांगली हातभर लांब जीभ. बिचाऱ्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच होतं.

"जीभ व्याख्येत नाही," शास्त्री म्हणाले. "बरं, काहीतरी बोलून दाखव."

खवल्याने अंगाचा गोळा केला.

शास्त्रींनी त्याच्या नावाचा गोटा कोरला, थोडा वेळ हातात फिरवला आणि झाडाखालच्या एका सपाट दगडावर ठेवून दिला. त्या दगडाला 'प्रलंबित' म्हणत. खवलिणीचा गोटाही त्याच्याच शेजारी ठेवला. तिलाही दात नव्हते.

"काळजी करू नका," शास्त्री म्हणाले. "पावसाळा संपला की समिती बसेल."

तेव्हा पावसाळा सुरूदेखील झाला नव्हता.

खवल्याला त्याचं काही वाटलं नाही. "मला कुठे दरबारात भाषण करायचंय?" तो घरी येऊन म्हणाला. "मुंग्या काही प्रकार विचारत नाहीत."

तसा तो सुखातच होता. फक्त त्याच्याविषयी कुणाला काही बोलता येईना. खवल्या आला, खवल्या गेला, खवल्याला ताप आहे, यातलं एकही वाक्य तयार होत नव्हतं. पंगतीला बोलावणं बंद झालं. शेजारच्या अस्वलाने आधी आठवण काढली, मग मनातल्या मनात काढली, मग सोडून दिली. मला विचाराल, तर असं विसरलं जाणं फार वाईट. पण खवल्याला ते कळलंच नाही, कारण तो आधीपासून कमीच भेटायचा.

एके दिवशी उजाडता उजाडता तो घरी परतत होता. वाटेत एक जुनी चिरेबंदी विहीर होती. पूर्वी तिथे माणसांची वस्ती होती म्हणतात. कठडा ढासळलेला, आत पाण्याचा थेंब नाही. कठड्याच्या मातीत वाळवी लागली होती. खवल्याने जीभ लांबवली, अजून थोडी लांबवली, आणि गेला आत.

पडताना त्याने गोळा केला, म्हणून वाचला. पण विहिरीचे चिरे गुळगुळीत होते. नखं रोवायला फट नव्हती. दोन पावलं चढला, की तीन पावलं घसरायचा.

खवलीण शोधत आली. वाकून पाहिलं. खाली नवरा, वर आभाळ तापत चाललेलं. चैत्राचे दिवस. विहिरीत सावली होती, पण पाणी नव्हतं. दोन दिवस, फार तर तीन.

"घाबरू नका," ती वरून म्हणाली. "मी आले कुणाला तरी घेऊन."

"सावकाश ये," तो खालून म्हणाला. "मला घाई नाही." असाच होता तो.

खवलीण आधी अस्वलाकडे गेली. अस्वल दांडगं होतं, वेलीचा दोर खाली सोडून सहज ओढून काढू शकलं असतं. शिवाय शेजारी.

"भावोजी," ती धापा टाकत म्हणाली, "हे विहिरीत पडलेत. चला लवकर."

अस्वल उठून उभं राहिलं. मग त्याला हुकूम आठवला. ते परत बसलं.

"वहिनी," ते इकडेतिकडे बघत म्हणालं, "तुम्ही काहीतरी म्हणालात असं मला वाटलं. पण तसं वाटून घ्यायची परवानगी नाही."

"अहो, माझा नवरा मरेल!"

"बेहड्याखाली जाऊन सांगा. पोपट बोलला, की पुढच्या क्षणी मी निघतो. शपथ घेतो. पण नुसतं तुम्ही म्हणालात म्हणून निघालो, तर मला नोकरी आहे, वहिनी." दरबारात मधाची पोळी मोजायचं काम त्याच्याकडे होतं.

त्याचा राग येतोय ना? मलाही आला. पण आपल्या ओळखीत अशी किती अस्वलं आहेत ते आठवा, आणि मग पुढे ऐका.

खवलीण बेहड्याखाली आली. संकट-पोपट फांदीवर चोच पुसत बसला होता.

"प्राणी द्या," पोपट म्हणाला.

"हे विहिरीत पडलेत."

"हे म्हणजे कोण? 'हे' कुठल्याच टोपलीत नाही. प्राणी द्या."

खवलिणीने आजवर नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. त्यांच्यात घेत नाहीत. तिने खाली मान घातली, डोळे मिटले आणि म्हणाली, "खवल्या."

"प्राणी द्या."

"दिलं ना नाव!"

"खवल्या प्राणी नाही. प्रलंबित आहे. प्राणी द्या."

"ते तिकडे तहानेने मरतायत रे!"

"प्राणी द्या."

पोपट वाईट नव्हता, मुलांनो. त्याला तेवढंच येत होतं. तुम्ही भिंतीवर डोकं आपटलं तर भिंत काही मुद्दाम कठीण होत नाही.

खवलीण धावत शास्त्रींच्या बिळाशी गेली. शास्त्री एक कंद सोलत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकायची त्यांना मुभा होती, व्याकरण त्यांचंच होतं.

"मला फार वाईट वाटतं," शास्त्री म्हणाले. "मी नाही म्हणत नाहीये, बरं का. मी फक्त प्रकार जुळत नाही एवढंच म्हणतोय."

"मग जुळवा. आज एक दिवस प्राणी म्हणा, उद्या काढून टाका."

"एक दिवस!" शास्त्रींचे काटे ताठ झाले. "बाई, आज त्याला एक दिवस प्राणी म्हटलं, तर उद्या तळं येऊन म्हणेल, मला एक दिवस करवंद करा. सगळं कोसळेल. समितीत अर्ज द्या."

"समिती कधी?"

"पावसाळ्यानंतर."

खवलीण तिथेच मटकन बसली. तिला रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर ती थोडी रडलीही. रडता रडता तिची नजर बिळाच्या तोंडाशी टांगलेल्या सालींवर गेली. शास्त्रींनी जंगलातल्या प्रत्येक गोष्टीची व्याख्या त्यांच्यावर लिहिली होती. समोरच फणसाची साल होती. तिने वाचली. डोळे पुसले. पुन्हा वाचली.

फणस. गोल. अंगभर टोकदार खवले किंवा काटे. दात, शिंग, चोच यांपैकी काही दिसत नाही. हात लावला असता बोलत नाही.

"शास्त्रीबुवा," ती हळूच म्हणाली, "एखादी वस्तू व्याख्येत अक्षरन् अक्षर बसली, तर?"

"तर ती वस्तू तीच. त्यात शंका घ्यायची नसते."

"गोल असेल?"

"हं."

"अंगभर खवले? हात लावला तर बोलत नसेल?"

"मग तो फणस," शास्त्री कंद चावत म्हणाले. "विषय संपला."

"मग लिहून घ्या. खवल्या. फणस."

शास्त्री चावायचे थांबले. त्यांनी नोंदणीच्या दिवशीचा तो गोळा आठवला. सालीकडे पाहिलं. बोटाने एकेक ओळ तपासली. आणि मुलांनो, त्यांचा चेहरा उजळला. इतके दिवस एक गोटा कुठेच बसत नव्हता, त्याने त्यांची झोप उडाली होती. आज तो बसला.

"कच्चा की पिकलेला?" त्यांनी काटा उचलत विचारलं.

फणस झाला म्हणजे खाद्य झाला. खाद्याचं पुढे काय होतं, ते खवलिणीलाही कळत होतं. पण आधी तो वर यायला हवा होता.

"कच्चा," ती म्हणाली. "अगदी कोवळा."

बेहड्याखाली जाऊन शास्त्रींनी प्रलंबित दगडावरचा गोटा उचलून कच्च्या खाद्याच्या टोपलीत टाकला. टप् असा आवाज आला. खवलिणीने तो आणि जुन्या विहिरीचा गोटा पुढे ठेवताच आढळ-पोपट मान ताठ करून उभा राहिला आणि सगळ्या बोलींत ओरडला, "खवल्या नावाचा फणस जुन्या विहिरीत आहे, या!"

जंगल हललं हो!

वानरं झाडांवरून उड्या मारत निघाली. सांबरं धावली. रानडुकरं, मुंगसं, धनेश, ज्यांना फणस आवडत नव्हता तेदेखील निघाले, कारण बाकीचे निघाले होते. आणि सगळ्यांत पुढे कोण? अस्वल. त्याने शपथ पाळली. खांद्यावर पळसवेलीचा हा एवढा मोठा दोर.

खवल्यासाठी एक पाऊल न हललेलं जंगल फणसासाठी कसं पळतं, ते खवलीण एका झाडाला टेकून बघत होती. तिला हसावं की रडावं ते कळेना.

वानरांनी खाली उतरून गोळ्याला दोर बांधला. अस्वलाने ओढलं. फणस वर आला. "मोठा आहे!" सगळे ओरडले.

मग फणस उलगडला. आतून एक लांबट तोंड बाहेर आलं. त्या तोंडाने सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणालं, "आभारी आहे."

वानरं दोन पावलं मागे सरली.

"अरे, हा तर," अस्वल म्हणालं, आणि थांबलं. पुढचं वाक्य तयार होत नव्हतं.

"फणसाला जीभ आहे," एक वानर कुजबुजलं. बाकीच्यांनी त्याला ऐकू आलं नाही असं समजलं.

फणस दरबारात नेला गेला. नियमच तसा होता. सापडलेलं खाद्य महाराजांसमोर ठेवायचं, मग वाटप. खवल्या घाबरून पुन्हा घट्ट गोळा झाला होता.

"कापा," महाराज म्हणाले. ते स्वतः फणस खात नसत, पण वाटायला त्यांना आवडायचं.

"महाराज, हा फणस नाही!" खवलीण ओरडली.

ते कुणालाच ऐकू आलं नाही. काटेशास्त्री तेवढे तिच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बाई, सकाळी फणस आणि दुपारी नवरा, असं नसतं. प्रकार एकदा दिला की बदलत नाही."

पण वाटप-पोपटाने तोंड फिरवलं. "पिकलं खाद्य द्या," तो म्हणाला.

"अरेच्चा," महाराज म्हणाले. "कच्चा आहे का हा?"

आता तुमच्यापैकी कोकणातल्यांना माहीत असेल. फणस पिकला की नाही ते बघायला त्याच्यावर टिचकी मारतात. कच्चा फणस टक् वाजतो. पिकलेला बद्द वाजतो. दरबारात यासाठीही एक पोपट होता, पिकवण-पोपट. त्याला कच्चं खाद्य द्यायचं, तो आवाज ऐकायचा, आणि बद्द वाजलं तर गोटा कच्च्यातून काढून पिकल्यात टाकायचा. टिचकी मारायचं काम अस्वलाचं, आणि त्याबद्दल महाराजांशी थेट बोलायची त्याला मुभा होती.

अस्वल पुढे आलं. खवल्याची पाठ दगडासारखी टणक, पण पोट मऊ. गोळा जरा सैल पडला आणि टिचकी पोटाच्या बाजूला बसली, की संपलं. आणि खवल्या दमलेला होता. दिवसभर उपाशी. त्याची शेपटी थरथरत होती, गोळा एका बाजूने उघडायला लागला होता.

अस्वलाने ते पाहिलं. मग खवलिणीकडे पाहिलं. मग ते गोळ्याभोवती एक अख्खी फेरी मारून आलं, जणू फार मोठा जाणकार. ज्या बाजूने गोळा उघडत होता, त्या बाजूला ते आपलं बूड टेकून चक्क बसलं. आणि समोरच्या सगळ्यांत जाड खवल्यावर त्याने नखाने टिचकी मारली.

टक्.

"कच्चा," पोपट म्हणाला.

"फारच कच्चा, महाराज," अस्वल म्हणालं. "पेंढ्यात घालावा लागेल."

असा खवल्या पेंढ्यात गेला. राजवाड्यामागे गवताची एक मोठी गंजी होती. उबदार, कोरडी, आणि तिच्यावर पहारा. राजाच्या फणसाला कोण हात लावणार? दर आठ दिवसांनी अस्वल यायचं, टिचकी मारायचं, टक् वाजायचं, आणि ते दरबारात सांगायचं, "अजून नाही." शिवाय ते वारुळाची माती आणून पेंढ्यात टाकायचं. फणसाला वारुळाची माती घातली की लवकर पिकतो, असं त्याने महाराजांना पटवून दिलं होतं. वाटेत निम्म्या वाळव्या ते स्वतःच खायचं, पण निम्म्या पोचायच्या.

खवलीण मात्र बाहेर होती. पहारेकरी तिला आत सोडेना. ती भेटीची परवानगी देणाऱ्या भेट-पोपटाकडे गेली. भेट-पोपटाला दोन प्राणी लागतात. नवरा आता फणस होता, आणि ती स्वतः अजून प्रलंबित.

तिने एक रात्र विचार केला. सकाळी ती शास्त्रींच्या बिळासमोर गेली, अंगाचा गोळा केला आणि अजिबात बोलली नाही.

शास्त्रींनी सालीवरच्या ओळी तपासल्या आणि आनंदाने दुसरा गोटा कच्च्यात टाकला. दुपारपर्यंत दुसरा फणस पहिल्याशेजारी पेंढ्यात होता.

"तू माझं नाव घेतलंस म्हणे," खवल्या अंधारात म्हणाला.

"घ्यावं लागलं."

"कसं घेतलंस?"

"फणसासारखं," ती म्हणाली, आणि दोघंही कितीतरी वेळ हसत राहिली. पहारेकऱ्याला पेंढा हलताना दिसला. पिकतायत वाटतं, असं तो मनात म्हणाला.

इथे गोष्ट संपली असती. पण ससे फार हुशार असतात.

सशांच्या लक्षात आलं, की कच्च्या खाद्याला महाराज हात लावत नाहीत. महाराजांच्या शिकारीसाठीही एक पोपट होता, आणि त्या शिकार-पोपटालाही दोन प्राणी लागत, एक खाणारा आणि एक खाल्ला जाणारा. मग एके दिवशी सकाळी शास्त्रींच्या बिळापुढे सशांची रांग लागली. सुरणाची व्याख्या होती, करडा, गोलसर, जमिनीला चिकटून असतो, हलत नाही. ससे जमिनीला चिकटले आणि हलले नाहीत. चाळीस सुरण झाले. प्रकार बदलत नाही हे शास्त्री विसरले नव्हते, पण व्याख्येत अक्षरन् अक्षर बसलं, की आधीची नोंदच चुकली होती असं ते म्हणायचे. रानडुकरं बिनतक्रार भोपळे झाली. सांबरांना शिंगांमुळे जरा वेळ लागला, पण आल्यालाही तशीच बोटं फुटतात, म्हणून शेवटी ती कोवळ्या आल्यात बसली. अस्वलानेही एक दिवस गुपचूप शहाळं होऊन घेतलं. टिचकी मारायचं काम मात्र सोडलं नाही.

शास्त्री खुशीत होते. इतकं नीटनेटकं जंगल त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

वर्षभरात प्राण्यांच्या टोपलीत दोनच गोटे उरले. एक महाराजांचा, एक शास्त्रींचा.

महाराज कायद्याचे पक्के. कायदा त्यांचाच होता. चार दिवस ते उपाशी राहिले. पाचव्या दिवशी ते बेहड्याखाली आले आणि त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं. मग त्यांनी शास्त्रींकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

काटेशास्त्री चांगले गुबगुबीत होते, हे मी मघाशी सांगितलंच आहे.

"महाराज, माझं जरा ऐका," शास्त्री म्हणाले. पण ते पोपटाकडून न बोलता तोंडाने बोलले होते. महाराजांना काही ऐकू आलं नाही.

शास्त्रींना एकच सुचलं. त्यांनी मान आत घेतली, काटे फुलवले, तोंड मिटलं. गोल. अंगभर टोकदार. दात दिसत नाहीत. हात लावला असता बोलत नाहीत. आपल्याच व्याख्येत ते अक्षरन् अक्षर बसले. नोंदणी करायला शास्त्री मोकळे नव्हते, म्हणून महाराजांनी स्वतः त्यांचा गोटा उचलून कच्च्यात टाकला.

मग पंजा उचलून त्यांनी टिचकी मारली.

वर्षभर राजाचे कंद खाल्लेले अंग ते.

बद्द.

"पिकला!" पोपट म्हणाला.

पुढे काय झालं, याबद्दल दोन मतं आहेत. मला खात्रीने एवढंच सांगता येतं, की महाराजांच्या पंजात अकरा काटे घुसले, ते तीन पायांवर नाचत तळ्यात पडले, आणि तेवढ्या वेळात पिकलेला फणस पाय फुटून शहराकडे पळाला. संगणकाच्या त्याच क्लासच्या जिन्याखाली तो सध्या राहतो म्हणतात. वर मास्तर शिकवतात. खाली कुणीतरी उसासे टाकतं.

जंगलात आता प्रकार बदलता येत नाहीत, कारण बदलणारा गेला. सुरण उड्या मारतात. भोपळे चिखलात लोळतात. कोवळं आलं पाण्यावर येतं. संकट-पोपट अजून फांदीवर बसून 'प्राणी द्या' म्हणतो, पण त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. सगळे पुन्हा आपापल्या बोलीत बोलायला लागलेत. अर्धं समजतं, अर्धं मनानं भरतात. महाराज सध्या खेकड्यांवर आहेत. खेकडे नोंदणीला आलेच नव्हते.

आणि पेंढ्यात? तिथे हल्ली तीन फणस आहेत. तिसरा अगदी लहान, आईच्या शेपटीवर बसून फिरणारा. अस्वल अजून दर आठ दिवसांनी येतं. पहिल्यावर टिचकी मारतं, टक्. दुसऱ्यावर मारतं, टक्. तिसऱ्यावर मात्र ते टिचकी मारत नाही. त्याचे खवले अजून मऊ आहेत. अस्वल त्याच्या डोक्यावर नुसतं नख टेकवतं आणि स्वतःच तोंडाने म्हणतं, "टक्."

तात्पर्य : मुलांनो, आपण खरे कोण आहोत, हे मोठ्यांना समजावत बसू नये. त्यांच्याकडे तशी टोपली नसते. ते जे म्हणतील ते व्हावं, मुकाट पेंढ्यात बसावं, आणि काही झालं तरी पिकू नये.